जोडणाऱ्या माणसाचा शोध

दादर, मुंबई

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन पंधरा दिवस झाले. पोच लगेच द्यायला हवी होती, परंतु तू जे विचारले आहेस त्याचे उत्तर फोनवर दोन वाक्यांत देणे मला प्रशस्त वाटेना, म्हणून आज सकाळपासून कागद घेऊन बसलो आहे. आपल्या गावात आरक्षणाच्या वादानंतर दोन समाजांतल्या लोकांनी एकमेकांच्या दुकानांची पायरी चढणे सोडले, ज्या दुकानातून तुझ्या वडिलांच्या वेळेपासून घरी किराणा येतो त्याच्या समोरून तुला मान खाली घालून जावे लागते, आणि आपल्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटाचे दोन गट होऊन त्यांतल्या एकातून तुला काढून टाकले, हे वाचून मी बराच वेळ पत्र हातात धरून गॅलरीत बसून होतो. ज्यांची नावे तू लिहिली आहेस त्या सगळ्यांबरोबर आपण एका बाकावर डबा खाल्ला आहे.

शेवटी तू लिहितोस की, हे आपल्या गावापुरते नाही, सारा देशच असा दुभंगला आहे, आणि त्याला पुन्हा एकत्र आणील असा पुढारी पुढच्या वीस वर्षांत तरी निघेल का; मुंबईत राहून तुला कुणी दिसतो का?

नाव सांगावे असा कुणी मला दिसत नाही. परंतु या प्रश्नाचा मी गेली काही वर्षे मनापासून विचार करतो आहे, आणि माझी अशी खात्री होत चालली आहे की आपण भलत्याच माणसाला शोधतो आहोत. आपल्याला असा कुणीतरी हवा असतो जो कोणत्याच गटाचा नाही, ज्याच्या अंगाला कुठल्याही भांडणाची धूळ लागलेली नाही आणि जो एके दिवशी येऊन सगळ्यांना शांत करील. अशा माणसाचे ऐकावे असे कोणत्याच गटाला वाटत नाही. जोडणारा माणूस भांडणाऱ्या बाजूंपैकी एकीतूनच येतो, आणि तो स्वतःच्या बाजूला काय सुनावतो यावरून त्याची ओळख पटते.

मी हे म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर १७ डिसेंबर १९४६ हा दिवस असतो. संविधान सभा भरून आठवडा झाला होता. १३ तारखेला पंडित नेहरूंनी घटनेची उद्दिष्टे सांगणारा ठराव मांडला होता, परंतु मुस्लिम लीगचे सदस्य सभेत आलेलेच नव्हते आणि संस्थानांचे प्रतिनिधीही अजून यायचे होते. आपल्या मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांनी उपसूचना दिली की, हे दोघे येईपर्यंत ठरावावरचा निर्णय थांबवावा. ती बहुतेकांना रुचली नव्हती. अशा वेळी अध्यक्ष राजेंद्रप्रसाद यांनी बाबासाहेबांचे नाव पुकारले. आपल्या आधी वीस-बावीस जण बोलतील अशा समजुतीने बाबासाहेब आले होते, त्यामुळे तयारी नसतानाच त्यांना उभे राहावे लागले.

त्या दिवशी ते कोण होते, हे आठव. ते काँग्रेसचे कडवे टीकाकार होते. मुंबई प्रांतातून त्यांना सभेत निवडून येता आले नव्हते. बंगालमधल्या दलित आमदारांनी, त्यांतही जोगेंद्रनाथ मंडल यांनी धडपड केली म्हणून ते तिथे पोहोचले होते. सभागृहात त्यांच्याविषयी प्रेम असण्याचे काही कारण नव्हते. त्या माणसाने उभे राहून कबूल केले की, आज आपण राजकीय, सामाजिक आणि आर्थिकदृष्ट्या विभागलेले आहोत, एकमेकांशी लढणाऱ्या छावण्यांचा हा समूह आहे, आणि अशाच एका छावणीचा बहुधा मीही एक नेता आहे. तरीही हा देश एक झाल्यावाचून राहणार नाही, असा आपला विश्वास त्यांनी सांगितला. लोकांना भिवविणारे शब्द आणि घोषणा बाजूला ठेवा, विरोधकांच्या पूर्वग्रहांनाही थोडी सवलत द्या, म्हणजे ते आपण होऊन आपल्याबरोबर चालू लागतील, असे त्यांनी बहुमतवाल्यांना विनविले. ठराव करण्याचा अधिकार सभेला आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी गौण मानला. तो आज करणे शहाणपणाचे आहे का, एवढेच त्यांनी विचारले.

ठराव त्या अधिवेशनात मंजूर झाला नाही. तो २२ जानेवारी १९४७ रोजी झाला. पुढे फाळणी ठरल्यावर बाबासाहेबांची बंगालमधली जागा गेली, तेव्हा ज्या काँग्रेसशी ते आयुष्यभर भांडले तिच्याच नेत्यांनी त्यांना मुंबईतून निवडून आणले, आणि तेही जयकरांच्या राजीनाम्याने रिकाम्या झालेल्या जागेवर. ऑगस्टच्या अखेरीस ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. फाळणी टळली नाही, हे खरे आहे. परंतु जे उरले त्याला बांधणारी घटना त्या एका दिवसानंतर लिहिली जाऊ शकली, असे मला वाटते, कारण त्या दिवशी दोन्ही बाजूंना एकमेकांची नवी ओळख झाली.

दुसरे उदाहरण दूरचे आहे, परंतु ते सोडवत नाही. दक्षिण आफ्रिकेत १० एप्रिल १९९३ रोजी क्रिस हानी या अत्यंत लोकप्रिय कृष्णवर्णीय नेत्याचा एका गोऱ्या माणसाने त्यांच्या घरासमोर खून केला. देश यादवीच्या कड्यावर उभा होता. मंडेला तेव्हा राष्ट्राध्यक्षही नव्हते. त्यांनी देशाला उद्देशून केलेल्या भाषणात खुनी गोरा होता हे सांगितले आणि त्याच दमात हेही सांगितले की, त्याला पकडून देण्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारी बाईही गोरीच, डच वसाहतवाल्यांच्या वंशातली आफ्रिकानर होती. संतापलेल्या आपल्या माणसांना त्या दिवशी हे ऐकविणे सोपे नव्हते. साधारण वर्षभराने, एप्रिल १९९४मध्ये, त्या देशात सगळ्यांनी एकत्र मतदान केले.

आणि आपले एस. एम. जोशी, म्हणजे अण्णा. संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष होते. त्यांना एका दावणीला बांधून ठेवण्याचे काम सरचिटणीस म्हणून अण्णांनी केले. पुढे मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या बाजूने ते उभे राहिले, तेव्हा ज्या मराठवाड्यात त्यांना मान होता तिथेच त्यांना अपमान सोसावा लागला. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला; अण्णा तो पाहायला नव्हते.

आता तू म्हणशील की, ही सगळी गेलेली माणसे झाली, पुढची कुठे आहेत? म्हणून आमच्या चाळीत गेल्या पावसाळ्यात घडलेली एक गोष्ट तुला सविस्तर सांगतो.

आमची चाळ शंभरी ओलांडून गेली आहे. ती बिल्डरला द्यायची की रहिवाशांनी स्वतः बांधायची, यावरून तीन वर्षे दोन तट पडले आहेत, आणि ते इतके की गेल्या गणपतीत आरतीची ताटेसुद्धा दोन होती. तिसऱ्या मजल्यावर राहणारी, बँकेत नोकरी करणारी एक मुलगी स्वतः बांधण्याच्या बाजूची आहे. तिचे काकाच त्या तटाचे पुढारी आहेत. सभेआधी महिनाभर ती रोज संध्याकाळी कामावरून आल्यावर शंभर पानी वही घेऊन दारोदार फिरत होती. ज्या घरांनी तिला आत या म्हटले नाही त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून तिने लिहून घेतले. वहीच्या डाव्या पानावर आपल्या बाजूचे म्हणणे आणि उजव्या पानावर समोरच्यांचे. ती वही मी नंतर पाहिली. उजवी पाने डाव्यांपेक्षा जास्त भरलेली होती.

सभा अंगणात, पत्र्याच्या शेडखाली झाली. पाऊस एवढा होता की बोलणाऱ्याला ओरडावे लागत होते. तिची पाळी आली तेव्हा तिने आपल्या बाजूविषयी चकार शब्द काढला नाही. तिने दहा मिनिटे समोरच्यांची भीती मांडली: कर्ज उभे राहिले नाही तर अर्धवट सांगाडा उभा राहील; सत्तरीच्या पुढची माणसे भाड्याच्या खोलीत जातील आणि परत येणार नाहीत; ज्यांना पेन्शन नाही त्यांनी हप्ता कुठून द्यायचा? समोरच्या तटाचे एक आजोबा, जे कुणाचेही बोलणे पुरे होऊ देत नाहीत, ते ऐकता ऐकता खाली बसले आणि म्हणाले, "अगं, हेच तर मी तीन वर्षं सांगतोय." मग ती आपल्या लोकांकडे वळली आणि म्हणाली की, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे आपण देत नाही तोवर आपल्याला मत मागण्याचा हक्क नाही. तिचे काका सभेतून उठून गेले. दोन महिने ते तिच्याशी बोलत नव्हते.

चाळीचा निकाल अजून लागलेला नाही. परंतु त्या रात्री दोन्ही तटांनी मिळून एका पत्रावर सह्या केल्या आणि इमारतीची तपासणी करून घेण्यासाठी एकच अभियंता नेमला. तीन वर्षांत जे झाले नव्हते ते झाले. मला त्या मुलीला उगाच मोठे करायचे नाही. ती राजकारणात जाईल असेही नाही. मी एवढेच पाहिले की बाबासाहेबांनी त्या सभागृहात जे केले ते याच प्रकारचे होते.

अशी माणसे वर कशी येत असत, हेही पाहा. विठ्ठलभाई पटेल मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते आणि मग १९२५मध्ये केंद्रीय कायदेमंडळाचे निवडून आलेले पहिले अध्यक्ष झाले. त्याच दशकात वल्लभभाई अहमदाबादच्या, नेहरू अलाहाबादच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. कलकत्त्यात १९२४मध्ये चित्तरंजन दास महापौर आणि सुभाषबाबू मुख्य कार्यकारी अधिकारी होते. नळ, गटार, कचरा यांवर भांडलेल्या माणसाशी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच टेबलावर बसावे लागते. ती सवय या सगळ्यांना तिथे लागली. आपल्या मृणालताई गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी लढत महापालिकेतून विधानसभेत आणि लोकसभेत गेल्या, आणि १९७२च्या महागाईत समाजवादी मृणालताई आणि मार्क्सवादी अहिल्याताई रांगणेकर एकाच लाटणे मोर्चात चालल्या. माझी आई त्या मोर्चांपैकी एकात होती. शेजारची जिच्याशी ती नळावर भांडत असे ती बाईही तिच्याबरोबर होती, हे तिने मला अनेकदा सांगितले आहे.

हे वाफेच आपण सुकू दिले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२मध्ये संपली आणि त्यानंतर साडेतीन वर्षांहून अधिक काळ २२७ प्रभागांत एकही नगरसेवक नव्हता. कारभार प्रशासकाने पाहिला. राज्यातल्या महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका १९९०च्या दशकात बंद झाल्या. आणि १९८५चा पक्षांतरबंदी कायदा, जो घोडेबाजार थांबविण्याच्या चांगल्या हेतूने आला, त्याने आमदार-खासदाराला आपल्या पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देण्याची सोयच ठेवली नाही. दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. ज्या गुणावरून जोडणारा माणूस ओळखायचा, त्या गुणालाच कायद्याने दंड लावला, याचे मला मनापासून दुःख होते. तुला हवा असलेला पुढारी आज कुठल्यातरी पक्षात गप्प बसलेलाही असेल.

म्हणून तुला कळकळीने सांगतो, कुणीतरी येऊन तारील या आशेवर बसू नकोस. २५ नोव्हेंबर १९४९च्या भाषणात बाबासाहेबांनी बजावले होते की, धर्मातली भक्ती आत्म्याला मुक्ती देत असेल, परंतु राजकारणातली भक्ती अधोगतीला आणि शेवटी हुकूमशाहीला नेते. हे त्यांनी कुणा शत्रूला सुनावले नव्हते. जे लोक पुढे त्यांचीच भक्ती करणार होते त्यांनाही ते लागू होते.

तुझ्या पत्रात तिसऱ्या पानावर, जाता जाता, तू एका तरुण शिक्षकाचा उल्लेख केला आहेस. मे महिन्यात टँकर आला तेव्हा दोन्ही आळ्यांनी एकाच रांगेत उभे राहावे म्हणून तो सकाळी पाच वाजल्यापासून टँकरपाशी बसत असे, आणि त्याबद्दल त्याच्या भावकीनेच त्याला शिव्या घातल्या, एवढेच तू लिहिलेस आणि पुढे पुन्हा दिल्लीकडे वळलास. मी ते वाक्य चार वेळा वाचले. तो कोण, कुठल्या शाळेत आहे, त्याच्या पाठीशी गावात कुणी उभे राहिले की नाही, रांग किती दिवस टिकली, हे मला सविस्तर कळव. ग्रामपंचायतीला तो उभा राहतो का, तेही विचारून ठेव. दिवाळीनंतर मी आठ दिवस गावी येणार आहे. आपण दोघे मिळून त्याच्याकडे जाऊ, आणि जाताना किराणा त्या जुन्या दुकानातूनच घेऊ, मी बरोबर असेन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याचे औषध चुकवू नकोस.

तुझाच,
बाकावरचा सोबती