बुंदीची शी-शू आणि तुझं घड्याळ

तासगाव, रविवार

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

बुंदीचे फोटो मिळाले. आईनं ते शेजारच्या वहिनींपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवले आणि मग मला म्हणाली, "फ्लॅटमध्ये कुत्रं पाळू नको म्हणून सांगा त्याला." तेव्हा तिचं नेमकं मत काय, ते तूच ओळख. फोटोवरून पिल्लू दोन महिन्यांच्या आसपासचं वाटतं. अंग हडकुळं आणि पोट मात्र टम्म, म्हणजे जंत असणार. त्याचं पुढे लिहितो.

काल तुझी तक्रार एकच होती: घरभर शू करते, ओरडलं तरी ऐकत नाही. त्यात तुझा रूममेट म्हणतो की नाक धरून त्यात घासा, म्हणजे कळेल. फोनवर बोलताना तुझं अर्धं लक्ष लॅपटॉपमध्ये असतं, म्हणून लिहून पाठवतोय. माझी नोकरी गाई-म्हशींच्या मागे गेली हे खरं, पण जनावरांच्या दवाखान्यात कुत्रीही पुष्कळ यायची, आणि त्यांच्या मालकांच्या तक्रारी तुझ्यापेक्षा वेगळ्या नसायच्या.

पहिली गोष्ट रूममेटला सांग. नाक घासायचं नाही, मारायचं नाही, ओरडायचंही नाही. शू होऊन दहा मिनिटं झाल्यावर तू ओरडलास तर तिला एवढंच कळतं की हा माणूस मधूनच पिसाळतो. आपण काय केलं म्हणून पिसाळतो, ते तिला जोडता येत नाही. लोक म्हणतात, "अहो, तिला कळतं, चेहरा बघा कसा अपराधी होतो." न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ नावाच्या बाईंनी २००९ साली याच चेहऱ्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. मनाई केलेला खाऊ कुत्र्यानं खाल्लेला असो वा नसो, मालक रागावला की तो चेहरा व्हायचाच. म्हणजे तो चेहरा आपल्या रागाला घाबरून होतो. आणि एकदा का शू करताना तुझ्या हातचा ओरडा खाल्ला, की ती तुझ्यासमोर करायचंच सोडते आणि सोफ्यामागे जाऊन करते. मग तू तिला गॅलरीत नेऊन तासभर उभा राहा, ती करणार नाही. आत आली, तुझी पाठ वळली, की काम झालंच.

तेव्हा पहिला महिना तिला धडे द्यायचे नाहीत. चुकायला वावच ठेवायचा नाही, एवढंच काम. त्यासाठी तिचं घड्याळ तू पाठ करायचं. दोन महिन्यांचं पिल्लू जागं असताना फार तर दोन तास धरू शकतं, खेळत असलं तर तेवढंही नाही. उठल्या उठल्या एकदा. खाणं झालं की पाच ते वीस मिनिटांत. पोटात अन्न पडलं की आतडी हलतात, तिथे तिचा इलाज नाही. मस्ती करून दमली की एकदा. झोपायच्या आधी एकदा. शिवाय मधल्या वेळात दर तासा-दीड तासानं नेऊन उभी करायची. सकाळी मात्र तिला चालत नेऊ नकोस. उचलून ने. नाहीतर पलंगापासून गॅलरीपर्यंतच्या चार पावलांत ती बसलीच म्हणून समज.

खुणा ओळखायला शीक. खेळता खेळता एकदम खेळ सोडते, नाक जमिनीला लावते, एकाच जागेभोवती गोल फिरते, किंवा निमूट दुसऱ्या खोलीकडे निघते. तेवढ्यात उचललीस तर जिंकलास. बसलीच असेल तर हळूच टाळी वाजव, "चल चल" म्हण आणि उचलून जागेवर ने. उरलेली तिथे होऊ दे. घरात तिला तुझ्या नजरेआड सोडू नकोस. कामात असलास तर पट्ट्याची दोरी टेबलाच्या पायाला बांध आणि ती तुझ्या पायाशी राहू दे. आणि सगळी पायपुसणी आजच उचलून ठेव. पिल्लं पायाखाली काय लागतं त्यावरून जागा ठरवतात. मऊ, शोषून घेणारं काही लागलं की त्यांना ते गवतच वाटतं. तुझ्या बाथरूमबाहेरचं पायपुसणं तीनदा भिजलं म्हणालास, ते काही तुझ्यावर डूख धरून नव्हे.

आता जागा कुठली, हा तुझा खरा पेच. तिसऱ्या मजल्यावरून दर तासाला खाली उतरणं जमणारं नाही, आणि जमलं तरी मी इतक्यात खाली उतरवू देणार नाही. कारण पार्वो. कुत्र्याला "गॅस्ट्रो" झाला म्हणतात, त्यात पुष्कळदा हाच निघतो. रक्ताची हगवण आणि उलट्या सुरू होतात आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. हा विषाणू आजारी कुत्र्याच्या शीतून मातीत येतो आणि महिनोन्महिने तिथे टिकतो. तुमच्या गेटबाहेर मोकळी कुत्री फिरतात, त्याच जागेवर बिनलशीचं पिल्लू हुंगायला सोडायचं म्हणजे जुगार. लसींचे सगळे डोस होईपर्यंत तिचे पाय तिथे टेकवू नकोस. खाली न्यायचंच तर कडेवर ने. माणसं, रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, पाऊस हे सगळं या वयात बघितलेलं बरं, नाहीतर पुढे भित्री होते.

तोवर गॅलरीचा एक कोपरा तिचा. तिथे वर्तमानपत्र पसरायचं असं सगळे सांगतील. चालतं ते, पण मला पसंत नाही. कागद म्हणजे शी-शूची जागा असं एकदा डोक्यात बसलं की तुझ्या ऑफिसचे कागद खाली पडले तरी ती तिथेच बसेल. त्यापेक्षा नर्सरीतून लॉनचा एक चौकोनी तुकडा आण आणि कमी उंचीच्या रुंद ट्रेमध्ये ठेव. लॉन नको असेल तर माती चालेल. पायाला माती-गवताची सवय लागली की पुढे खाली नेल्यावर वेगळं शिकवावं लागत नाही. न्यायला लागलास की पहिल्या दिवशी ट्रेमधली वासाची थोडी माती बरोबर ने आणि झाडाखाली टाक. तिला पत्ता मिळतो.

तिथे उभी केलीस की तोंड बंद ठेव. गप्पा नाहीत, मोबाईल नाही. ती करायला लागली की हळू आवाजात एकच शब्द, "शू कर" किंवा काय हवं ते, पण रोज तोच. झाल्याबरोबर तिथल्या तिथे उकडलेल्या चिकनचा किंवा अंड्याचा नखाएवढा तुकडा आणि शाबासकी. स्वयंपाकघरात जाऊन डबा उघडून दिलास तर ते बक्षीस स्वयंपाकघरात चालत आल्याचं होतं. तुकडे खिशातच असू देत. आणि झाली रे झाली की लगेच आत ओढू नकोस. पिल्लं पुष्कळदा एकदा करून थांबतात आणि मिनिटभरानं पुन्हा करतात. शिवाय शू केली की बाहेरची मजा संपते हे लक्षात आलं की ती मुद्दाम लांबवायला शिकते.

झालेल्या शूवर तुमच्या कामवाल्या मावशी फिनेल ओततात ना? बंद कर. फिनेलचा वास आपल्या नाकाला झाकतो, तिच्या नाकाला नाही. खालचा शूचा वास तिला येतच राहतो. वर पायाला लागलेलं फिनेल ती चाटते आणि ते पोटात जातं. आधी कागदानं टिपून घ्यायचं, मग पाण्यानं पुसायचं, मग पेट शॉपमध्ये एन्झाइमचं क्लीनर मिळतं ते मारायचं. ते शूतले वासाचे घटकच तोडतं. नसेल तर पाण्यात व्हिनेगर चालतं. अमोनिया असलेलं काही वापरू नकोस, शूसारखाच वास येतो त्याला.

रात्री तिला हॉलमध्ये एकटी कोंडू नका. तुझ्या पलंगाशेजारी खोकं किंवा पिंजरा ठेव, तिला उभं राहून वळता येईल एवढाच. मोठा घेतलास तर एका टोकाला झोपेल आणि दुसऱ्या टोकाला उरकेल. रात्रीचं जेवण साडेसातपर्यंत. मध्यरात्रीनंतर एकदा गजर लावून उठायचं, न बोलता गॅलरीत न्यायचं, आणून पुन्हा झोपवायचं. त्या वेळी लाड केलेस तर रोज दोन वाजता खेळायला उठवेल. मात्र शू कमी व्हावी म्हणून दिवसा पाणी तोडायचं नाही. काही लोक करतात तसं, आणि मग पिल्लू आजारी पडलं की आमच्याकडे घेऊन येतात.

ऑफिसचे तीन दिवस मला जास्त काळजीचे वाटतात. सकाळी नऊला कुलूप लावून संध्याकाळी सातला उघडायचं असेल तर ती घाण करणारच, आणि दोष तिचा नसेल. रूममेटच्या आणि तुझ्या घरून कामाच्या दिवसांची अदलाबदल करता येते का बघ. नाहीतर स्वयंपाकाच्या काकूंना चार पैसे जास्त देऊन दुपारी खाणं, ट्रे आणि थोडं खेळणं एवढं सोपव. एकटी असताना अख्खं घर मोकळं देऊ नकोस. गॅलरीला लागून थोडी जागा अडव, एका टोकाला अंथरूण आणि पाणी, दुसऱ्या टोकाला ट्रे. गॅलरीला जाळी आहे ना? गजांमधून पिल्लू सहज निसटतं.

खाण्याचा आणि याचा जवळचा संबंध आहे. दूध-पोळी बंद. गाईचं दूध बऱ्याच पिल्लांना पचत नाही, पातळ शी होते, आणि पातळ शी कुठलंही पिल्लू रोखून धरू शकत नाही. या वयात दिवसातून चार वेळा थोडं थोडं, वेळा ठरलेल्या. पंधरा-वीस मिनिटांत खाल्लं नाही तर वाटी उचलायची. पिल्लांचं तयार खाणं पाण्यात भिजवून दे किंवा बिनमसाल्याचं चिकन-भात, पण रोज नवा प्रयोग नको. शिजवलेली हाडं नको, ती टोकदार फुटतात. आत जाण्याची वेळ पक्की झाली की बाहेर येण्याची आपोआप होते.

उद्याच डॉक्टरकडे ने. जंताचं औषध वजनावर देतात, तेव्हा मेडिकलमधून अंदाजानं आणू नकोस. तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि मग सहा महिन्यांपर्यंत महिन्याला. पार्वो आणि डिस्टेंपर (कुत्र्यांचा तसाच दुसरा जीवघेणा विषाणूचा आजार) यांची लस दर तीन-चार आठवड्यांनी, साधारण सोळा आठवड्यांची होईपर्यंत. रेबीजची तीन महिन्यांनंतर, पुढे डॉक्टर सांगतील तशी. गोचिड्या पावसाळ्यात वाढतात. कानाच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात रोज बघ. एक मादी अंगावरून गळून पडली की भिंतीच्या फटीत हजारो अंडी घालते. गोचिडीचं औषधही डॉक्टरला विचारूनच. आणि तुझ्या हातावर दातांचे ओरखडे दिसले फोटोत. पिल्लू रस्त्यावरचं आहे, आईचा पत्ता नाही. तू आणि रूममेट दोघंही डॉक्टरांना दाखवा आणि सुया सांगतील तशा पूर्ण घ्या. नवा ओरखडा पडला तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना काही नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर औषध नाही, एवढं ध्यानात ठेव.

तू दारातून आलास की आनंदानं जागेवरच थेंब थेंब शू होते म्हणालास. ती चूक धरू नकोस. आल्या आल्या लाड नकोत, तिच्याकडे न बघता सरळ गॅलरीत चल, तिथे भेट घे. वाढली की जातं हे. पण नीट शिकलेली बुंदी एकदम सारखी थोडी थोडी करायला लागली, कण्हायला लागली किंवा शूत रक्त दिसलं, तर ती मूत्रमार्गाची तक्रार आहे, दवाखाना गाठायचा. चौथ्या-पाचव्या महिन्यात सगळं विसरल्यासारखं चार दिवस वागेल. तेव्हा पुन्हा पहिल्या आठवड्याचं वेळापत्रक लाव.

सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टमध्ये कुत्रं चालणार नाही म्हणतात, त्यावर भांडू नकोस. ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही आणि लिफ्टही नाकारता येत नाही. त्याची प्रत काढून शांतपणे दे. महापालिकेचा परवाना काढ, त्याला रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. आणि खाली न्यायला लागलास की पिशवी खिशात हवी. शी उचलणाऱ्या माणसाशी फार कुणी वाद घालत नाही.

आईनं मंगळवारच्या ट्रॅव्हल्सनं डबा पाठवलाय. त्यात बेदाण्याची पिशवी आहे, यंदाचा माल चांगला निघालाय. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात, थोडेसुद्धा. चिंचेचा गोळाही आहे, द्राक्षांत असतं तेच टार्टरिक आम्ल चिंचेतही असतं. कांदा, लसूण, चॉकलेट, तुझ्या डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं एकाच वरच्या कपाटात ठेव, आणि खालचा रूममेटचा खाऊचा खणसुद्धा आधी बघ. डॉक्टरांनी वजन किती सांगितलं ते कळव, आई विचारतेय.

तुझे,
बाबा