हरणाला नुसतं भित्रं म्हणू नका

संपादक महोदय,
हरणाचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच गोष्टी आठवतात, सीतेला भुलवणारा मारीच आणि कवितेतले मृगनयन, पण एवढ्यावर थांबणं बरोबर नाही असं मला मनापासून वाटतं. अजिंठ्याच्या लेणी क्र. १ मधे एका खांबावर चार हरणं कोरलीत आणि डोकं चौघांत मिळून एकच! कुठल्याही धडाकडे बघा, ते डोकं त्याचंच वाटतं, मी तर तिथून हलतच नव्हतो. बुद्धाचं पहिलं प्रवचन सारनाथच्या मृगवनात झालं म्हणून धम्मचक्राच्या दोन्ही बाजूला हरणं बसलेली दाखवतात, तिथे हरीण म्हणजे शांतपणे ऐकणारा, भित्रा नाही.

युरोपात तर अजून वेगळं. नर हरणाची शिंगं दरवर्षी गळतात आणि परत फुटतात, त्यामुळे तिकडे ते पुनर्जन्माचं चिन्ह झालं. डेन्मार्कमधे सापडलेल्या गुंडेस्ट्रपच्या चांदीच्या भांड्यावर शिंगं असलेला एक देव चक्क मांडी घालून बसलाय. ग्रीक कथेत आर्टेमिस देवी शिकारी ॲक्टिऑनलाच हरीण करते आणि त्याचेच कुत्रे त्याला फाडतात, म्हणजे शिकारीच शिकार होतो.

आणि आपलं मृगशीर्ष नक्षत्र! मधले तीन तारे म्हणजे व्याधाने मारलेला बाण, हे लहानपणी गच्चीवर बघितलेलं अजून डोळ्यासमोर आहे. तुमच्या रविवार पुरवणीत यावर चित्रांसकट एक लेखमाला कराच, ही कळकळीची विनंती.

- आपला एक नियमित वाचक