आपल्या बालगृहासाठी नम्र आवाहन : तपासणी झाली, आता कामाला लागू या

सप्रेम नमस्कार.

मार्केट यार्डापासून भगवंत मंदिरापर्यंत बार्शीत आपलं मुलींचं बालगृह माहीत नाही असं घर सापडणार नाही, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. जिल्हा तपासणी समिती गेल्या महिन्यात येऊन गेली. अहवाल हातात आला आहे. त्यातली कामं पुढच्या भेटीपर्यंत उभी राहिलेली दिसायला हवीत आणि त्याच सुमारास संस्थेच्या नोंदणीचं पाच वर्षांनी येणारं नूतनीकरणही आहे. संस्थेच्या गंगाजळीतून हे सगळं होण्यासारखं नाही. कार्यकारिणीने एकमताने ठरवलं की गावापुढे पदर पसरायचा. ते काम सचिव म्हणून माझ्याकडे आलं आहे.

पण मागण्याआधी ज्यांनी दिलं त्यांची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या भागात कोणाला सांगावी लागत नाही. गणपती बोळवून लोक घरी येऊन नुकते आडवे झाले होते आणि तीन छप्पन्नला भूकंपाने किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं जमीनदोस्त झाली. दगडमातीच्या जाड भिंती झोपलेल्या माणसांवर आल्या. नंतरच्या दिवसांत ज्या मुलींना न्यायला कोणीच उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी आपल्या संस्थापक मंडळींनी पत्र्याची शेड उभी केली. हातात पैसा नव्हता, इमारत तर नव्हतीच. आडत बाजारातल्या हमाल बांधवांनी एका दिवसाची हमाली जशीच्या तशी आणून दिली. त्यांच्या घरी तेव्हा काय शिजत होतं ते आम्ही पाहिलेलं आहे, म्हणून त्या देणगीचं मोल आमच्या लेखी कुठल्याही धनादेशापेक्षा जास्त आहे. मिल कामगारांच्या चाळींतून घरटी एक गोधडी आली. भांड्यांच्या एका व्यापाऱ्यांनी अख्खा स्वयंपाकघराचा संच दिला आणि पावती घ्यायलाही नकार दिला. त्यातल्या मोठ्या पातेल्यात आजही आमटी होते. काठावरचं नाव घासून घासून पुसट झालंय, पण स्वयंपाकाच्या मावशी ते पातेलं अजून शेठजींच्याच नावाने मागतात.

पुढे शेडची पक्की इमारत झाली ती एका शिक्षिका बाईंमुळे. निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतला मोठा हिस्सा त्यांनी वरच्या मजल्यासाठी दिला आणि शेवटपर्यंत दर रविवारी मुलींचं गणित घेत राहिल्या. कोनशिलेवर नाव घालू दिलं नाही, म्हणून इथेही घालत नाही, पण वाचणाऱ्यांना ते ठाऊक आहे. डॉक्टर दाम्पत्याने इतकी वर्षं एकाही मुलीच्या तपासणीचा रुपया घेतलेला नाही. करोनाच्या काळात बाजार बंद असताना भाजीवाल्या बायका फाटकाबाहेर पाट्या ठेवून मागे सरकायच्या. कोण ठेवून गेलं ते कितीदा कळलंसुद्धा नाही.

त्या सगळ्यांच्या जिवावर आपल्या मुली शिकल्या. एक सोलापुरात परिचारिका आहे. एक शिवणाचं दुकान चालवते आणि दिवाळीत इथल्या मुलींचे परकर-पोलके स्वतः बेतून देते. राज्य सरकारने २०१८ साली अनाथांसाठी नोकरीत आणि शिक्षणात एक टक्का समांतर आरक्षण दिलं. त्यासाठी लागणारं अनाथ प्रमाणपत्र मिळवायला आपल्या अधीक्षक बाईंनी सोलापूरच्या किती खेपा घातल्या ते त्याच जाणोत, पण आज आपली एक मुलगी सरकारी नोकरीत आहे. तिच्या पहिल्या पगाराचे पेढे अख्ख्या आळीने खाल्ले.

आता तपासणीविषयी, कारण तिच्याबद्दल गावात नको ते बोललं गेलं आहे.

बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे अनुदान मिळो वा न मिळो, प्रत्येक बालगृहाला नोंदणी सक्तीची आहे आणि तपासणी समितीने दर तीन महिन्यांतून किमान एकदा भेट द्यायची आहे. समितीत निदान तीन जण हवेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी. म्हणजे समिती आली याचा अर्थ कोणी तक्रार केली असा होत नाही. ती यायलाच हवी. बिहारमधल्या मुझफ्फरपूरच्या बालिकागृहात मुलींवर कसे लैंगिक अत्याचार चालले होते ते २०१८ साली देशाला कळलं, ते आपल्या मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पथकाने तिथल्या मुलींशी बोलून अहवाल लिहिला म्हणून. ते गृहही सरकारी अनुदानावरच चालत होतं. आपल्या राज्यातलं, पनवेलजवळच्या कळंबोलीच्या आश्रमातल्या मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरणही जुन्या लोकांच्या लक्षात असेल. दार बंद असलं की आत काय होतं हे बाहेरच्याला कळत नाही. म्हणून आपल्या संस्थेने समितीला कधी दारात ताटकळत ठेवलेलं नाही आणि ठेवणारही नाही.

या वेळची समिती सकाळी आली ती दिवेलागणीपर्यंत होती. डॉक्टर मॅडमनी एकेका मुलीचं आरोग्य कार्ड हातात घेऊन तिला पुन्हा वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा ताडून पाहिला. भांडारात डाळीच्या कोठ्या उघडल्या, नोंदवहीतला साठा आणि प्रत्यक्षातला साठा जुळवला. मग समितीच्या ताईंनी आम्हा सगळ्यांना बाहेर बसायला सांगितलं आणि मुलींबरोबर सतरंजीवर बसून तासभर बोलल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला सांगितलं नाही, आणि ते तसंच असायला हवं.

नंतर तक्रारपेटी उघडली. तिची किल्ली अधीक्षकांकडे नसते, व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असते. एका चिठ्ठीत आमटीला मीठ जास्त पडतं असं होतं, एकीत कॅरमच्या सोंगट्या हरवल्याचं. तिसरी चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली होती : ‘रात्री लाईट गेली की संडासला जायची भीती वाटते. मी सकाळपर्यंत थांबते.’

ज्यांनी आपलं बालगृह पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की शौचालयं अंगणापलीकडे, विहिरीच्या बाजूला आहेत. बांधली तेव्हा सगळ्यांच्याच घरी तशी असत. पावसाळ्यात ते अंगण ओलांडायला मोठ्या माणसालाही बॅटरी लागते. आपल्याकडे पन्नास मुलींची मान्यता आहे. नियमाप्रमाणे दर सात मुलांमागे एक शौचालय आणि दर दहांमागे एक न्हाणीघर हवं, म्हणजे आठ आणि पाच. आपल्याकडे चार आणि तीन आहेत. अहवालात हे पहिल्या क्रमांकावर आहे. चिठ्ठी वाचल्यावर कार्यकारिणीनेही तेच पहिल्या क्रमांकावर घेतलं. शौचालयं झोपण्याच्या दालनाला लागून, त्याच छताखाली हवीत.

त्याखालोखाल आजारी मुलीसाठी वेगळी खोली. आज गोवर-कांजिण्या निघाल्या की कार्यालय रिकामं करून तिथे खाट टाकतो. मग विजेचं जुनं वायरिंग बदलणं, आग विझवण्याची साधनं आणि रात्रीच्या दिव्यांसाठी सौर संच. चौथं काम विटा-सिमेंटचं नाही, म्हणून देणगीदार त्याच्याकडे वळत नाहीत. समुपदेशक हवी, आठवड्यातून तीन दिवस तरी. आपल्याकडे येणाऱ्या मुली आता भूकंपाच्या नाहीत. घरातली मारहाण, बापाची दारू, बालविवाह मोडून सोडवून आणलेल्या, कोणी नात्यातल्याच माणसाच्या अत्याचारातून सुटलेल्या. बाल कल्याण समितीच्या आदेशाने त्या येतात, आणि पहिले कित्येक दिवस त्यांतली एखादी ताटातलं अर्धं पोळीत गुंडाळून उशीखाली ठेवते. मावशी तिला रागवत नाहीत, उशी झटकून चादर बदलतात आणि संध्याकाळी एक पोळी जास्त वाढतात. पण मावशींच्या मायेला जाणत्या माणसाच्या शिक्षणाची जोड लागते. अहवालातलं हे वाक्य आम्हाला शब्दन् शब्द पटलं.

आपल्याला मिळणाऱ्या अनुदानातून मुलींचं जेवणखाण, कपडे, औषधं असा नित्याचा खर्च निघतो, बांधकाम होत नाही. आणि कामं झाली नाहीत तर काय होईल तेही स्पष्ट लिहिते. नोंदणी अडकली तर मुलींना दुसऱ्या संस्थांत हलवावं लागेल, कदाचित दुसऱ्या जिल्ह्यात. यंदा दहावीला बसणाऱ्या मुली आहेत. ज्यांचं एकदा सगळं सुटलं आहे त्यांची शाळा, मैत्रिणी, अंथरुणाची ठरलेली जागा पुन्हा सुटू नये, यासाठी आमचा जीव तुटतो आहे.

एक खंत मनात ठेवणं जमत नाही, म्हणून लिहिते. वर्धापनदिनाला आपण घरोघरी पत्रिका दिल्या होत्या, मांडव घातला होता. निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या राहिल्या. मुलींनी बसवलेलं भारूड त्यांनी रिकाम्या खुर्च्यांपुढे केलं, आणि नंतर एकीने विचारलं की लोक उशिरा येणार आहेत का. मधल्या काळात कुठल्याशा दूरच्या आश्रमाची बातमी आली आणि ‘आपल्याकडेही काय चालतं कोण जाणे’ असं कट्ट्यांवर ऐकू आलं. असं बोलणाऱ्यांपैकी एकानेही फाटकाची कडी वाजवून आत पाहिलं नाही. शंका असेल तर जरूर या, भांडार पाहा, हिशेब पाहा. दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल होतो आणि त्याची प्रत आपल्या कार्यालयात कोणालाही वाचायला मिळते. गावाने चौकशी केली तर आम्हाला बरंच वाटेल. पाठ फिरवली की वाईट वाटतं.

देणाऱ्यांनाही हात जोडून काही सांगायचं आहे. वाढदिवसाला केक घेऊन येता, त्यामागचा भाव आम्ही जाणतो. पण मुलींना ओळीने बसवून फोटो काढू नका आणि ते फोनवर पाठवू नका. बालगृहातल्या मुलाची ओळख उघड करणं हा बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा बाजूला ठेवला तरी, जिचा शोध तिच्यावर अत्याचार करणारा माणूस घेतो आहे, तिचा चेहरा एका फोटोने त्याच्यापर्यंत पोचतो. लग्नकार्यातलं उरलेलं अन्न रात्री अकराला आणून देऊ नका. ते आम्ही घेत नाही, आणि परत पाठवताना आम्हालाही अवघड होतं. त्याऐवजी आठवड्यातला एखादा तास द्या. इंग्रजी-गणित शिकवणारं कोणी, महिन्यातून एकदा दात-डोळे पाहणारं कोणी, बांधकामावर देखरेख करणारा निवृत्त अभियंता, हिशेब पाहणारा सनदी लेखापाल. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी द्यावी लागेल. आमच्या सख्ख्या नातेवाइकांनाही तोच नियम आहे, तेव्हा राग मानू नये.

खर्चाचा अंदाज असा : शौचालयं व न्हाणीघरं ९ लाख, आजारी खोली अडीच लाख, वायरिंग, अग्निसुरक्षा व सौर संच मिळून ३ लाख, समुपदेशकांचं वर्षाचं मानधन १ लाख ८० हजार. एकूण १६ लाख ३० हजार. कार्यकारिणी सदस्य आणि माजी विद्यार्थिनी यांच्याकडून ४ लाख २० हजार जमले आहेत, त्यांत शिवणाच्या दुकानाचा वाटा मोठा आहे. उरलेल्या १२ लाख १० हजारांसाठी हे आवाहन. रोख, धनादेश, बँकेतून थेट, कसंही चालेल. खाते क्रमांक पावतीपुस्तकावर आणि फाटकाच्या फलकावर आहे, फोनवर कोणी दुसरा क्रमांक सांगितला तर भरू नका. देणगीवर आयकरात ८०जी खाली सवलत मिळते, पण रोखीने २००० रुपयांपेक्षा जास्त दिल्यास मिळत नाही. पॅन क्रमांक अवश्य द्या, म्हणजे वर्षअखेरीचं प्रमाणपत्र काढता येतं. परदेशात असलेल्या आपल्या मंडळींपैकी ज्यांचं पारपत्र भारतीय आहे त्यांची देणगी घेता येते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांची घेता येत नाही, कारण संस्थेकडे विदेशी देणग्यांची परवानगी नाही. त्यांनी इथल्या नातेवाइकांना आपल्या बालगृहात एकदा येऊन जायला सांगितलं तरी खूप झालं. वस्तुरूपात सिमेंट, वाळू, फरशी, नळ चालतील, आधी विचारून पाठवा म्हणजे एकच वस्तू दोनदा येणार नाही. गवंडी व प्लंबर बांधवांनी मजुरीत सूट दिली तर तीही देणगी म्हणून नोंदवू. कार्यालय सकाळी १० ते ५, रविवारी दुपारपर्यंत. काम पावसाळ्याच्या आत छतापर्यंत न्यायचं आहे, त्यामुळे रक्कम लहान असली तरी लवकर द्यावी.

आपली नम्र,
सचिव, कार्यकारिणीच्या वतीने

ता.क. : जुन्या साड्या आणि वापरलेली खेळणी सध्या भरपूर आहेत, ती पाठवू नयेत. सॅनिटरी पॅड, अंगाचा साबण, बॅटरीचे सेल आणि दहावीच्या सरावाच्या वह्या मात्र लगेच हव्या आहेत.