पंचगंगेचं पाणी कुठून येतं

कोल्हापूर

प्रिय सुहास,

गावात ऊन पडलेलं असताना पूर कसा येतो, म्हणून विचारतोस. अरे, आमचा पूर आमच्या पावसावर येतच नाही. तो पश्चिमेकडून येतो.

तिकडं सह्याद्रीच्या माथ्यावर पाऊस नुसता कोसळतो. कासारी विशाळगडाकडच्या डोंगरात उगम पावते, कुंभी गगनबावड्याकडून येते, भोगावती दाजीपूरच्या जंगलातून, आणि धामोडकडची तुळशी. पाचवी सरस्वती, ती गुप्त! प्रयाग चिखलीला संगम झाला की नाव पंचगंगा. गंमत बघ, गगनबावड्याच्या कड्यापलीकडं पडलेलं पाणी घाट उतरून अरबी समुद्राला मिळतं, आणि अलीकडचं कृष्णेबरोबर पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागरात.

खरा घोळ संगमानंतर. डोंगरात उड्या मारत आलेलं पाणी इथं एकदम सपाट जमिनीवर येतं आणि वळणं घेत रेंगाळतं. पुढं नृसिंहवाडीला कृष्णा. तीच फुगलेली असली तर आमच्या नदीला वाट कोण देणार? पाणी मागं सरकतं, शिरोळकडची गावं बुडतात. तिथं पाऊस मात्र बेताचाच. नृसिंहवाडीत पाणी दत्ताच्या देवळात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा! लोक भर पावसाळ्यात स्नानाला जातात.

शाहू महाराजांनी भोगावतीवर राधानगरीचं धरण बांधायला घेतलं. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, तलाव भरला की आपोआप उघडतात. एकेक दरवाजा 1428 क्युसेक, म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट पाणी सोडतो. ते उघडल्याची बातमी आली की पेठेतली माणसं आधी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतात: 39 फूट इशारा, 43 धोका. शेजारचे तात्या फुटांत बोलतच नाहीत. त्यांचं माप म्हणजे नदीकडचा जामदार क्लब: 'जामदार क्लबपर्यंत आलं का?' 2019 च्या आणि 2021 च्या महापुरात ते विचारायचीही गरज पडली नाही.

तुला उगम बघायचा असेल तर पावसाळा संपल्यावर ये. आत्ता आलास तर मांडुकलीपाशी कुंभीचं पाणी रस्त्यावर असेल, गगनबावड्याची एसटी बंद असेल आणि तू आमच्याकडं मिसळ खात अडकशील. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विजय