बागेतले आकडे बागाईतदाराला मिळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

हवामान बदलात टिकणाऱ्या शेतीसाठी कृषी विद्यापीठं, संशोधन संस्था आणि परदेशी संस्था यांच्यात करार झाल्याच्या बातम्या आपल्या अंकात येत असतात. असे करार जरूर व्हावेत, द्राक्षाला तर त्यांची फार गरज आहे. पण मोजणी आमच्या बागेत होते आणि आकडे आमच्यापर्यंत येत नाहीत, त्यासाठी हे पत्र.

काही वर्षांपूर्वी एका प्रकल्पाच्या लोकांनी आमच्या बागेत पानांचा ओलावा मोजणारं यंत्र बसवलं. चहापाणी झालं, फोटो निघाले. दोन हंगामांनंतर यंत्र काढून नेलं. त्यातून काय निघालं, ते आजतागायत कळलेलं नाही. आमच्यासाठी तो आकडा म्हणजे फवारणीचा खर्च आहे. पान किती तास ओलं राहिलं यावर डाऊनी (केवडा हा बुरशीचा रोग) येणार की नाही हे बरंचसं ठरतं. थंडीत निफाडचा जो पारा छापून येतो तो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला. महावेध या सरकारी हवामान प्रकल्पाचं केंद्र महसूल मंडळाला एक. वेलीच्या दाट पानोऱ्यात सकाळी दहापर्यंत दव टिकलं, हे त्यातून कसं समजणार? मग पाऊस झाला की आम्ही भीतीपोटी फवारणीचा ब्लोअर काढतो. पैसा जातो, माती-पाण्यात औषध जातं.

दुसरी गोष्ट आमच्याकडच्या नोंदींची. निर्यातीसाठी नोंदवलेल्या प्लॉटची फवारणीची वही ठेवावीच लागते. 2010 साली क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशावरून युरोपात आपली द्राक्षं अडकली, तेव्हापासून तर यात कोणी हयगय करत नाही. आमची वही मी लिहिते. तिच्यात औषधांसोबत छाटणीची तारीख, पाऊस, घडांची अवस्था, सगळं आहे. 26 नोव्हेंबर 2023 ला गारपीट झाली तेव्हा आमचा सप्टेंबर छाटणीचा प्लॉट मणी धरून होता. गारांनी मणी फुटले, पण फुटके काढून काही घड तरी राखता आले. ऑक्टोबरच्या मध्यात छाटलेला शेजारचा प्लॉट ऐन फुलोऱ्यात सापडला. तिथे कूज आणि गळ होऊन घडांचे नुसते देठ उरले. एकच बांध, एकच पाऊस. छाटणी कधी घ्यावी, प्लॅस्टिक आच्छादनाचा खर्च कोणत्या प्लॉटला आधी करावा, या प्रश्नांसाठी अशा नोंदी तालुक्यात घरोघरी पडून आहेत. माझी वही आजवर एकाही संशोधकाने मागितलेली नाही.

पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि त्यांच्याशी करार करणाऱ्या सर्वांना विनंती आहे. ज्याच्या बागेत यंत्र बसेल त्याच्या मोबाईलवर ते आकडे त्याच सकाळी दिसावेत, असं करारातच लिहा. निष्कर्ष मराठीत आणि ऑगस्टअखेर द्या; छाटण्या सुरू झाल्यावर मिळालेला सल्ला पुढच्या वर्षावरच जातो. आणि संशोधनाचा प्रश्न ठरवायच्या बैठकीला बागाईतदार बोलवा, त्यात बायकाही असू द्या. बहुतेक घरांत घडांची विरळणी आणि डिपिंगला (घड औषधाच्या द्रावणात बुडवायला) त्याच असतात, रोग आधी त्यांच्या नजरेला पडतो.

आमच्या गावातल्या काही जणी आपापल्या वह्या द्यायला तयार आहेत. येत्या छाटणीआधी कोणी येणार असेल तर आम्ही त्या एकत्र करून ठेवू.

– एक द्राक्ष बागाईतदार महिला,
ता. निफाड, जि. नाशिक