रसायनांची नावं सांध्यावर तोडा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दृष्टिहीन श्रोत्यांसाठी मी वर्तमानपत्र वाचून ध्वनिमुद्रित करते. राजकारण, क्रिकेट, बाजारभाव सरसर वाचून होतं. जीभ अडखळते ती रसायनांच्या नावांपाशी, आणि त्यात दोष रसायनशास्त्राचा कमी, तुमच्या स्तंभाच्या रुंदीचा जास्त.

डीडीटीचं पूर्ण नाव घ्या : डायक्लोरोडायफिनाइलट्रायक्लोरोइथेन. ओळ संपली म्हणून ते 'डायक्लोरोडा-' इथे तोडलं की वाचणारा तोंडघशी पडतो. तेच 'डायक्लोरो-डायफिनाइल-ट्रायक्लोरो-इथेन' असं छापलं तर चार दमांत म्हणता येतं, शिवाय रेणूत काय आहे तेही कळतं : क्लोरीनचे दोन अणू, फिनाइलची दोन वलयं, पुन्हा क्लोरीनचे तीन अणू आणि या सगळ्यांना धरून ठेवणारं दोन कार्बनचं इथेन. व्याकरणाच्या तासाला समासाचा विग्रह करायचो, त्याहून हे अवघड नाही.

संधीचं मात्र जपून. 'हायड्रो' आणि 'ऑक्सी' मिळून 'हायड्रॉक्सी' होतं, 'मोनो' आणि 'ऑक्साइड' मिळून 'मोनॉक्साइड'. पण 'डाय' पुढच्या स्वराला गिळत नाही, म्हणून 'डायऑक्साइड'. खोकल्याच्या औषधातल्या विषारी भेसळीच्या बातमीत 'डायथिलीन ग्लायकॉल' असं छापलेलं मी वाचलं आहे. तिथे 'डाय-इथिलीन' हवं. इथिलीनचा 'इ'च गेला तर दोन कशाचे, हे ऐकणाऱ्याला कसं कळणार? 1937 साली अमेरिकेत सल्फा औषध याच द्रवात विरघळवून विकलं गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. अशा पदार्थाचं नाव तरी धड कानावर पडावं.

एखादा काना गळाला तरी पदार्थ बदलतो. 'मिथेनॉल'मधल्या 'नॉ'चा काना उडाला की उरतं 'मिथेनॅल', म्हणजे फॉर्मल्डिहाइड! मथळ्यात 'मिथेनॉल' आणि खाली मजकुरात 'मेथॅनॉल', हा प्रकार तर नेहमीचाच. माझ्या श्रोत्यांना ते दोन वेगळे पदार्थ वाटतात, आणि छापील अंकाशी ताडून पाहायची त्यांना सोय नाही.

तेव्हा लांबलचक नाव बातमीत पहिल्यांदा येईल तेव्हा ते सांध्यांवर संयोगचिन्ह देऊन छापावं, पुढे हवं तर सलग. ओळीच्या शेवटी तोडायचंच झालं तर सांध्यावरच तोडावं, जोडाक्षराच्या मधोमध तर मुळीच नाही. त्यापायी बातमी एका ओळीने लांबली तर लांबू द्या.

आपली,
एक वाचक (आणि वाचून दाखवणारी)