सत्तर काड्या

आदरणीय बेन,

सप्रेम नमस्कार.

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या वर्गाच्या दारात उभी राहिले आणि माझं गुजराती तीन वाक्यांतच संपलं. डोळे भरून आले होते, शब्द सापडत नव्हते. तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "तमारी भाषामां लखी आपो ने, हुं वांचीश." हिंदीमुळे देवनागरी तुम्हाला येते, आणि दोन वर्षं माझ्या लेकीच्या तोंडून मराठीही तुमच्या कानावर पडते आहे. म्हणून हे पत्र मराठीत लिहिते आहे. उघडपणे लिहिते आहे, कारण घरात एक भाषा आणि शाळेत दुसरी, अशी घरं फक्त आमच्या गल्लीत नाहीत. तिथल्या एखाद्या आईच्या हाती हे पडलं, तर तिला माझ्याइतके महिने अंधारात काढावे लागू नयेत.

आम्ही सांगलीहून बडोद्याला आलो ते यांच्या नोकरीमुळे. यांचा कारखाना मकरपुऱ्याला, आणि आम्ही राहतो दांडिया बाजारात, एका जुन्या वाड्याच्या माडीवर. खाली घरमालकीण आजी. तीन पिढ्या बडोद्यात गेलेल्या, मराठी बोलता बोलता मध्येच "चालशे" म्हणणाऱ्या. लेक तेव्हा सहा वर्षांची होती. सांगलीत ती अंगणवाडीत गाणी म्हणायची, शंभरपर्यंत मोजायची, भिंतीवर स्वतःचं नाव लिहून ठेवायची. इथे आल्यावर पहिले काही महिने ती ज्या शाळेत होती, तिचं नाव मला घ्यायचं नाही. तिथल्या बाईंच्या मनात काही वाईट नव्हतं, वर्ग फार मोठा होता. पण एका दुपारी लेक घरी आली ती दप्तर न काढताच कोपऱ्यात बसली. रात्री माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "आई, मी खोटं बोलत नाही. बाई रोज सगळ्यांसमोर म्हणतात, खोटं, खोटं."

मला काही समजेना. दुसऱ्या दिवशी आजींना विचारलं. त्या डोक्याला हात लावून म्हणाल्या, "अगं, गुजरातीत चुकलेल्या उत्तराला खोटुं म्हणतात. तिला कुणी लबाड म्हटलं नाही." लेकीला हे मी किती वेळा समजावलं! पण तोवर ती वर्गात बोलायचीच बंद झाली होती. पुढे मला बोलावून सांगण्यात आलं की मुलगी गणितात कच्ची आहे, घरी मराठी बोलणं बंद करा. घरी परत येताना सुरसागराच्या कठड्याशी मी बराच वेळ उभी राहिले. जी भाषा मलाच येत नाही, ती मी लेकीशी बोलायची कशी? आणि माझी भाषा बंद केली, तर तिच्याशी बोलायला माझ्याकडे उरतं काय?

त्यानंतरच्या जूनमध्ये ती तुमच्या पहिलीत आली.

तुमचा वर्ग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो वर्ग वाटलाच नाही. बाकं नाहीत, मुलं सतरंजीवर गोल करून बसलेली. मुलांचा हात पुरेल इतक्या उंचीवर भिंतीभर काळे फळे. वर दोऱ्यांना चिमट्यांनी अडकवलेली चित्रं. आल्याआल्या प्रत्येक मूल स्वतःच्या नावाचं कार्ड शोधून खिशांच्या पट्टीत लावत होतं आणि तीच हजेरी. ज्याला नाव वाचता येत नाही, त्याच्या कार्डावर त्यानेच काढलेलं चित्र. माझ्या लेकीच्या कार्डावर पहिले दोन महिने मांजर होतं. श्रावणात कधीतरी मांजर गेलं आणि नाव आलं, तेव्हा ती धावत मला सांगायला आली होती.

गुजरातच्या सरकारी शाळांत पहिली-दुसरीला २०१० पासून ही 'प्रज्ञा' पद्धत आली, म्हणजे 'प्रवृत्ति द्वारा ज्ञान', हे मला नंतर कळलं. कार्डं, शिकण्याच्या पायऱ्या दाखवणारी शिडी, गटागटाने शिकणं. पद्धत चांगलीच आहे. पण माझी लेक ज्या पायरीवर अडकली होती, ती कुठल्याही शिडीवर काढलेली नव्हती. ती तुम्ही शोधलीत.

तो दिवस मी पाहिला, कारण डबा विसरला म्हणून मी तो द्यायला आले होते आणि दाराशीच थांबले. तुम्ही मुलांना आइस्क्रीमच्या काड्या वाटल्या होत्या. दहा काड्यांची जुडी करायची, रबर लावायचं, उरलेल्या सुट्या ठेवायच्या. तुम्ही म्हणालात, "सत्तर." सगळ्या मुलांनी एक जुडी बांधली, बाजूला सात काड्या ठेवल्या आणि हात वर केले. माझी लेक जुड्या बांधतच होती. दोन झाल्या, तीन झाल्या. तिच्या समोरचा डबा रिकामा झाला, तशी ती शेजारच्या मुलाकडे काड्या मागू लागली. मुलं हसायला लागली. मला वाटलं, आता तोच शब्द येणार. मी पदर मुठीत धरला.

तुम्ही हसलाही नाहीत आणि रागावलाही नाहीत. तिच्यासमोर मांडी घालून बसलात आणि म्हणालात, "तारी रीते गण. हुं सांभळुं छुं." तुझ्या पद्धतीने मोज, मी ऐकतेय. ती गप्प. तुम्ही एक काडी उचलून तिच्या हातात दिलीत आणि थांबलात. किती वेळ थांबला होतात, बेन! मला तो वेळ आजही आठवतो. वर्गात तेवढी मुलं, बाहेर मधल्या सुट्टीची वेळ होत आलेली, आणि तुम्ही एका मुलीच्या आवाजाची वाट पाहत बसला होतात. मग ती हळूच म्हणाली, "एक." मग "दोन." अकरा, बारा, तेरा... तिचा आवाज हळूहळू मोठा होत गेला. "पंधरा, सोळा, सतरा."

तुम्ही तिथेच थांबवलंत. "सतरा?" आणि मग स्वतःशीच, "सत्तर... सतरा..." तुम्ही माझ्याकडे वळून विचारलंत, "तमारामां सत्तर एटले केटला?" मी बोटांनी दाखवलं, सात वेळा दहा.

गुजरातीत सत्तर म्हणजे १७. मराठीत सत्तर म्हणजे ७०. तुमचं ७० 'सित्तेर', आमचं १७ 'सतरा'. एवढ्याशा फरकावर माझी लेक इतके महिने 'कच्ची' ठरली होती. तिने ऐकलं ते बरोबर ऐकलं, बांधलं तेही बरोबर बांधत होती. सत्तर म्हटल्यावर सात जुड्या हव्यात हे तिला येत होतं! तुम्ही इतर मुलांना सांगितलंत की हिने आपल्यापेक्षा मोठं काम हाती घेतलंय, सगळ्यांनी आपापल्या काड्या तिला द्या. आणि सगळ्यांनी मिळून सात जुड्या पुऱ्या केल्या. त्या दिवशी ती घरी आली ती जिना धाडधाड चढत.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला एक मोठा कागद दिलात आणि एकपासून शंभरपर्यंत मराठी आकडे अक्षरांत लिहून आणायला सांगितलंत. ते आम्ही आजींच्या ओसरीवर बसून केलं. गुजरातीतून त्या सांगत, मी मराठीत लिहीत होते: अगियार म्हणजे अकरा, पचास म्हणजे पन्नास, सो म्हणजे शंभर. ओगणत्रीस आणि एकोणतीस शेजारी आले तेव्हा आम्ही दोघी थांबलो. दोन्हीकडे तिसाला एक कमी. तो तक्ता तुमच्या भिंतीवर लागला, आणि चार दिवसांनी तुमच्या लक्षात आलं की उत्तर प्रदेशातून आलेला रंगकाम करणाऱ्या दादांचा मुलगाही त्याच खड्ड्यात होता. हिंदीतही सत्तर म्हणजे ७०. तोही बिचारा गप्प बसायचा. मग त्याच्या आईकडून तिसरा कागद आला. माझ्या लेकीला मदत करताना तुम्ही आणखी एका मुलाला बाहेर काढलंत, ह्याचं मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येत नाही.

'खोटुं'ची गोष्ट मी तुम्हाला त्यानंतर सांगितली. तुम्ही काहीच बोलला नाहीत. पण त्या आठवड्यापासून लेक घरी येऊन सांगू लागली, बेन आता "फरी जोईए" म्हणतात. पुन्हा पाहू या. फक्त तिलाच नव्हे, सगळ्यांना.

मग अक्षरं. पहिले आले ग, म, न, ज. मी घरी तिला देवनागरी शिकवलं होतं, त्यामुळे ती प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर रेघ ओढायची. तुम्ही तिच्या पाटीवर एकदाही फुली मारली नाहीत. कागदाची एक पट्टी घेतलीत, तिच्या 'गगन' ह्या शब्दावरची रेघ त्या पट्टीने झाकलीत आणि म्हणालात, बघ, गुजराती झालं. पट्टी काढली की मराठी, ठेवली की गुजराती! गगन, नमन, मगन. ही जादू तिने आठवडाभर घरात सगळ्यांना दाखवली. 'ज' मात्र फसवा निघाला, तो पट्टीने बदलेना. पुढे 'क' आणि 'ख'ही तसेच. गुजराती पाच आणि 'प' ह्यांची तर तिच्या वहीत कितीतरी दिवस अदलाबदल चालली होती, कारण ते दिसतातच जुळ्या भावांसारखे. पण तोवर तिला ठाऊक झालं होतं की निम्मी अक्षरं आपल्या ओळखीची आहेत. त्याच पट्टीने मीही वाचायला शिकले. आज बसची पाटी मला वाचता येते, शाळेची सूचना वाचायला कुणाच्या दारात जावं लागत नाही. दुसऱ्या बाईंनी फक्त लेकीचं काम सुधारलं असतं. तुम्ही मलाही शिकवलंत.

नवरात्रातली आठवण लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. शाळेत गरब्याची तयारी चालू होती. तुम्ही विचारलंत, तुमच्याकडे ह्या दिवसांत काय असतं? मी भोंडल्याबद्दल सांगितलं, आणि तुम्ही मला थेट वर्गातच बोलावलंत. मी पाटावर खडूने हत्ती काढला, मुलांनी भोवती फेर धरला. गाण्यातलं अर्धं त्यांना कळत नव्हतं, पण पाय जुळत होते. त्यांना खरी गोडी लागली ती खिरापत ओळखण्याची. डबा झाकलेला, आणि मुलांनी विचारायचं. मी आधी म्हटलं, नाव सांगा. तुम्ही हळूच नियम बदललात: नाव नाही, आधी प्रश्न विचारा. गोड आहे का? वाफवलेलं आहे का? कशापासून केलंय? हाताला चिकटतं का? ज्या मुलांच्या तोंडून एरवी एक शब्द निघत नाही, ती पूर्ण वाक्यात प्रश्न विचारू लागली. आत होत्या खोबऱ्याच्या वड्या.

तेव्हापासून तुमच्या वर्गात दर शनिवारी झाकलेला डबा आला. कधी त्यात चिंचोके, ज्यांना तुमची मुलं कचूका म्हणतात, कधी कापूस, कधी कुलूप. माझ्या माहेरच्या आळीतला खेळ बडोद्याच्या एका वर्गात भाषेचा तास झाला. माझ्या आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

सयाजीबागेतल्या सहलीबद्दलही लेक अजून बोलते. तिथल्या संग्रहालयातल्या देवमाशाच्या सांगाड्याची लांबी तुम्ही सांगितली नाहीत, मुलांना पावलांनी मोजायला लावलीत, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा का आला ह्यावर वर्गात दोन दिवस वाद होऊ दिलात.

आजी म्हणतात, ह्या गावाला शाळेचं वेड जुनंच. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो साऱ्या संस्थानात नेला, मुलींसकट. मराठी राजा, गुजराती रयत. तुमच्या वर्गात दाराशेजारी बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचा फोटो आहे. त्यांना लोक 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणत, हे तुम्हीच मला सांगितलंत. भावनगरच्या त्यांच्या कामात ताराबाई मोडक होत्या, एक मराठी बाई, हे मी तुम्हाला सांगितलं आणि तुम्ही किती खूश झालात! त्या दोघांनी एकमेकांची भाषा कशी सांभाळून घेतली असेल, असं त्या फोटोकडे पाहताना मला नेहमी वाटायचं. तुमच्याकडे पाहून थोडं उमगलं.

मला तुमच्या पगाराचं ठाऊक नाही, तुमच्यावर वरून किती कागद भरायचं ओझं असतं तेही पूर्ण ठाऊक नाही. शाळा सुटल्यावर खिडकीशी बसून तुम्ही रजिस्टरं भरत असायचात, तेवढं मी पाहिलंय. त्यातून वेळ काढून तुम्ही माझ्याकडून मराठी आकडे पाठ करून घेतलेत, हे मी जन्मभर विसरणार नाही.

लेक जूनमध्ये तिसरीत जाईल, माडीवरच्या वर्गात. तुम्ही खालीच, नव्या पहिलीबरोबर. तिला हे अजून नीट पटलेलं नाही. सध्या ती दुपारभर आजींच्या ओसरीवर शाळा भरवते. विद्यार्थी दोन: आजी आणि मी. आजींनी मुद्दाम चुकीचं उत्तर दिलं की ती त्यांच्यासमोर मांडी घालून बसते, गालाला हात लावते आणि म्हणते, "तुमच्या पद्धतीने मोजा. मी ऐकतेय."

ह्या पत्राबरोबर तिने एक पुडी दिली आहे. तुमच्या डब्यातल्या काड्या दोन वर्षांत तिच्या दप्तरात येऊन राहिल्या होत्या, त्या परत करायच्या आहेत म्हणाली. आत एक जुडी आहे आणि सात सुट्या. वर तिने गुजरातीत लिहिलंय 'सत्तर', आणि खाली, डोक्यावर रेघ देऊन, 'सतरा'.

तुमची,
दांडिया बाजारातल्या माडीवरची, तिची आई